पाण्याचा घसारा



बँकेत कर्जमागणीचे अर्ज तपासताना माझी नजर आधी घसाऱ्याच्या रकान्याकडे जात असे. यंत्र कितीला घेतले, हे कोणीही सांगतो. ते किती वर्षांत झिजेल याचा अंदाज ज्याला नेमका करता येतो, त्याला धंदा कळतो, असा माझा ठोकताळा होता. मात्र छत्तीस वर्षे दुसऱ्यांचे घसारे तपासणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घरातील गिझर चौदा महिन्यांत निकामी झाला आणि त्याचे खापर त्याने भलत्याच माणसाच्या डोक्यावर फोडले. या वेळी त्याविषयीच लिहितो.

आमचे घर वर्धा शहराबाहेरच्या एका नव्या ले-आउटमध्ये आहे. शहराच्या नळाला धाम नदीचे पाणी येते. पवनार आणि येळाकेळी येथून ते उचलले जाते. उन्हाळ्यात हा नळ दररोज येत नाही, म्हणून आमच्याकडे बहुतेक घरांनी बोअर खोदून घेतली आहे. नळाचे आणि बोअरचे पाणी गच्चीवरच्या एकाच टाकीत पडते. तोटी फिरवली की पाणी येते. ते नदीचे की खडकातले, हे तोटीला ठाऊक नसते आणि आम्हीही कधी विचारले नव्हते.

गिझर माझ्या चुलत पुतण्याच्या दुकानातून घेतला होता. कंपनीचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण दोष तिचा नव्हताच. चौदा महिन्यांनी कॉइल जळाली. हमीत होती, पुतण्याने बदलून दिली. आठ महिन्यांनी दुसरी जळाली. या खेपेस आलेल्या माणसाने कार्डावर लिहिले, ‘पाण्यातील क्षारांमुळे बिघाड, हमीबाहेर.’ मला ती पळवाट वाटली. दिवाळीचे दिवस, दुकानात चार गिऱ्हाइके उभी, आणि त्यांच्यादेखत मी म्हणालो, “घरच्या माणसालाही असला माल देतोस काय रे?” तो काही बोलला नाही. गल्ल्यातून कॉइलचे पैसे काढून त्याने माझ्यासमोर ठेवले. लिहायला संकोच वाटतो, पण ते पैसे मी उचलले.

त्यानंतर तो घरी येईनासा झाला. पुढल्या क्षमापनेला मी फोनवरून दोनशे जणांना एकच छापील संदेश पाठवला. त्या दोनशेत त्याचेही नाव होते, एवढ्यावर मी समाधान मानले.

पुढचा गिझर मी नागपूरहून आणला, दुसऱ्या कंपनीचा, अधिक किमतीचा. त्याचीही कॉइल वर्षभरात गेली. या वेळी मात्र मिस्त्री तो उघडत असताना मी समोर बसून राहिलो. गुढीपाडव्याला मुलांच्या गळ्यात आपण साखरेची गाठी घालतो ना, कॉइल अगदी तशी दिसत होती: पांढरी, जाड, गाठीगाठींची. टाकीच्या तळाशी पांढरा चुरा साचला होता. तो वर्तमानपत्रावर काढून मी स्वयंपाकघरातील काट्यावर तोलला. एक किलो साडेतीनशे ग्रॅम भरला. एका वर्षात एवढा माल माझ्या घरी उतरला होता आणि कोणत्याही वहीत त्याची आवक नोंदलेली नव्हती.

हा माल येतो कोठून? आपल्या जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या खडकावर, म्हणजे दख्खनच्या बेसाल्टवर वसला आहे. पावसाचे पाणी जात्याच मृदू असते. मातीतून झिरपताना ते तेथील कार्बन डायऑक्साइड वायू शोषून किंचित आम्ल होते आणि मग खडकाच्या भेगांतून वर्षानुवर्षे हिंडताना त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम आपल्यात विरघळवून घेते. शाळेच्या पुस्तकात यालाच ‘दुष्फेन पाणी’ म्हटले होते, कारण त्यात साबणाचा फेस होत नाही. आपल्या बायकांनी त्याला सरळ ‘जड पाणी’ म्हटले. नदीचे पाणी पावसाळ्यात मुख्यतः वाहते पावसाचेच असते, म्हणून तुलनेने हलके. उन्हाळ्यात नदीलाही जमिनीतल्या झऱ्यांचा आधार लागतो, तेव्हा तेही जड होत जाते. बोअरचे पाणी मात्र बारा महिने खडकातलेच.

असे पाणी तापले की त्यात विरघळलेला वायू निघून जातो आणि त्याच्या आधाराने पाण्यात राहिलेला कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीच, जेथे उष्णता सर्वांत अधिक तेथे चिकटून बसतो. गिझरमध्ये ती जागा कॉइलची. हा थर तांब्याच्या शंभराव्या हिश्शाइतकीही उष्णता धड वाहू देत नाही. त्यामुळे कॉइलची उष्णता बाहेर पडण्यास अडते, कॉइल आतल्या आत तापत राहते आणि अखेर तडकते किंवा जळते.

येथे बँकेतील माणसाला साजेसे एक गणित मांडतो. भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्याची कठिणता लिटरला २०० मिलीग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. मी दोन्ही पाणी स्वतंत्र बाटल्यांत भरून तपासून घेतले. बोअरचे पाणी ५०० च्या पुढे निघाले, नळाचे त्याच्या निम्म्याहूनही कमी. सोयीसाठी ५०० धरू. म्हणजे लिटरमागे अर्धा ग्रॅम. घरात रोज १०० लिटर पाणी तापवले तर गिझरमधून दररोज ५० ग्रॅम क्षार जातात, वर्षाला १८ किलोंहून अधिक. ते सारे आत राहत नाहीत, बरेचसे पाण्याबरोबर निघून जातात. परंतु अठरा किलोंतले एक-दीड किलो जरी मुक्कामाला राहिले, तरी काय होते ते मी वर्तमानपत्रावर पाहिलेच होते.

हे गणित मांडत असताना मला आईचे पातेले आठवले, आणि हसू आले तसे वाईटही वाटले. आपल्या घरांत पाणी गाळून, उकळून, परातीत निववून पिण्याची रीत आहे. आमच्या आईचे ते पितळी कल्हईचे पातेले आतून कायम पांढरे असे. दर पंधरवड्याला ती ते चिंचेने घासत असे, आणि राखेने न निघणारा थर चिंचेने कसा निघतो याचे मला लहानपणी नवल वाटे. चिंचेतले आम्ल चुनखडी विरघळवते, एवढेच त्यातले गुपित. पण त्याहून मोठी गोष्ट माझ्या ध्यानात साठीनंतर आली. सूर्यास्तापूर्वी जेवणे व्हायची असल्याने संध्याकाळचा स्वयंपाक घाईचा असे, आणि आई त्या वेळची तुरीची डाळ दिवसाचे उरलेले उकळलेले पाणी घालून शिजवी. ‘हे पाणी टाकायचे कशाला’, एवढेच ती सांगे. सकाळची डाळ चुलीवर तासन्तास कडकड करी. संध्याकाळची मात्र लवकर गळे. उकळल्याने पाण्यातील बरीचशी कठिणता पातेल्याला चिकटून जाते आणि वर निवळलेले पाणी हलके होते, हे रसायनशास्त्र तिला माहीत असण्याचे कारण नव्हते. कॅल्शियम डाळीतील पेक्टिन घट्ट धरून ठेवतो, म्हणून जड पाण्यात डाळ शिजत नाही. आपण चिमूटभर सोडा टाकून मोकळे होतो. डाळ शिजते, पण तिच्यातील काही ब जीवनसत्त्वे मात्र त्या सोड्याने नष्ट होतात. नव्या सुनेला डाळ शिजवता येत नाही असा शेरा आपल्या किती घरांत मारला गेला असेल, आणि त्यातल्या किती सुना केवळ नदीकाठच्या गावातून बोअरच्या गावात आल्या असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

आता इतर यंत्रांकडे वळतो. गिझर विकणारे सांगतात की क्षारांमुळे विजेचे बिल दुप्पट होते. साठवणीच्या विजेच्या गिझरमध्ये कॉइल पाण्यातच बुडालेली असते. तिची उष्णता उशिरा का होईना, पाण्यातच जाते. बिल फारसे चढत नाही. कॉइलचे आयुष्य घटते. गॅस गिझरचे मात्र वेगळे आहे. त्याची तांब्याची नळी अरुंद असते, ती आतून बुजत जाते आणि पाण्यात न शिरलेली उष्णता धुराबरोबर बाहेर निघून जाते. तेथे गॅसचा खर्च खरोखर वाढतो. सौर बंब घेणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. तांब्याच्या बारीक नळ्यांचे सपाट संच जड पाण्याने चोंदतात. अशा पाण्याला काचेच्या नळ्यांचा संच अधिक सोसतो, आणि तोही वेळोवेळी धुवावा लागतो.

वऱ्हाड-नागपूरकडील घरांत सर्वांत अधिक हाल होतात ते कूलरचे, आणि याविषयी कोणी बोलत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात असताना कूलर दिवसरात्र चालतो. कूलरचे काम म्हणजे पाण्याची वाफ करणे. वाफ होऊन उडते ते निव्वळ पाणी. त्यातले क्षार ताट्यांवर आणि टाकीत मागे राहतात. आपण टाकी रिकामी झाली की पुन्हा भरतो, पुन्हा भरतो, आणि आतले पाणी दिवसेंदिवस दाट होत जाते. एप्रिलमध्ये मऊ असलेल्या ताट्या जूनमध्ये भाजलेल्या पापडासारख्या कडक होतात, हवा आत येत नाही, आणि आपण म्हणतो, यंदा ऊनच फार. काही काटकसरी घरांत आरओमधून वाया जाणारे पाणी कूलरमध्ये ओततात. हेतू उत्तम, पण ते पाणी आधीच क्षारांनी दाट झालेले असते. ताट्यांचा घसारा त्याने आणखी वाढतो. ते फरशी पुसायला आणि अंगण धुवायला वापरावे. कूलरची टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण उपसावी आणि नळ येईल त्या दिवशी नळाच्या पाण्याने भरावी. आमच्याकडे हे सुरू केल्यापासून ताट्या दोन उन्हाळे टिकल्या.

कपडे धुण्याच्या यंत्रात पाणी तापवण्याची सोय नसेल तर थराची भीती फारशी नाही. पावडर अधिक लागते आणि टॉवेल राठ होतात इतकेच. पाणी तापवणाऱ्या यंत्राला गिझरचेच नियम लागू होतात. वाफेच्या इस्त्रीत आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीत नळाचे पाणी ओतण्याची चूक व्यापारी घरांत सहसा होत नाही, पण दुकानातला नवा नोकर ती करू शकतो, हे मी एका ओळखीच्या दुकानात पाहिले आहे.

पाणी जड आहे की नाही हे घरीही कळते. एका बाटलीत पावसाचे गाळलेले पाणी, दुसरीत टाकीचे. दोन्हींत कपडे धुण्याच्या साध्या वडीचा सारखाच कीस घालून हलवा. पावसाच्या पाण्यावर फेस उभा राहतो, जड पाण्यात दह्यासारखी साय तरंगते. पावडर घेऊ नका. तिला जड पाणी सोसावे अशीच ती बनवलेली असते. नेमका आकडा हवा असेल तर पाणी-तपासणी प्रयोगशाळा आहेत. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्याही जिल्हानिहाय प्रयोगशाळा आहेत. पावती सांभाळून ठेवावी. हमीच्या वादात तिचा उपयोग होतो, कोणत्या बाजूने ते मात्र पावतीवरील आकडा ठरवतो!

आणि ही तपासणी आधी करावी, विक्रेत्याला घरी बोलावण्याच्या आधी. माझ्याकडे एक तरुण आला होता. त्याने दोन पेल्यांत पाणी घेतले, एकात आमच्या टाकीचे, दुसऱ्यात त्याच्या यंत्राचे, आणि दोन्हींत विजेच्या सळया बुडवल्या. क्षणात आमचे पाणी तांबूस, गढूळ झाले. सौभाग्यवती घाबरल्या. वास्तविक क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते आणि सळईचे लोखंड झिजून गंजाचा गाळ होतो. घाण सळईची असते, पाण्याची नव्हे. क्षार काढून टाकलेल्या पाण्यातून वीजच फारशी वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसते. त्याचप्रमाणे हातातला टीडीएस मीटर पाण्यातील एकूण विरघळलेल्या द्रव्यांचा अंदाज देतो, कठिणतेचा नाही. मिठाचे पाणीही त्यावर मोठा आकडा दाखवते, पण गिझरवर थर धरत नाही. नळाला बांधायची चुंबके विकणारेही येतात. चुंबकाने कॅल्शियम पाण्यातून बाहेर निघत नाही. तपासले तर कठिणतेचा आकडा होता तेवढाच राहतो.

आरओने कठिणता निघते, हे खरे. परंतु घरगुती यंत्रात लिटरभर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर पाणी वाया जाते. जेथे विरघळलेली द्रव्ये ५०० मिलीग्रॅमहून कमी आहेत तेथे आरओला मनाई करावी, असे निर्देश राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९ मध्ये पर्यावरण मंत्रालयाला दिले होते, ते याच कारणाने. ‘पाणी तुपासारखे वापरावे’ हे ज्या घरांत पिढ्यान्पिढ्या ऐकवले गेले, त्या घरांनी तरी मोरीत पडणारी ती धार एकदा बादलीत धरून मोजावी.

मग उरतो सॉफ्टनर. त्याचे तत्त्व सुंदर आहे. त्यातील रेझिनचे मणी कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्याने धुऊन पुन्हा कामाला लावायचे. गंमत अशी की, ज्या काळ्या खडकाने आपले पाणी जड केले, त्याच खडकाच्या पोकळ्यांत झिओलाइट नावाची शुभ्र खनिजे सापडतात. पुणे, नाशिक, जळगाव भागांतील त्यांचे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत मांडलेले आहेत. याच जातीच्या कृत्रिम द्रव्याने जर्मनीतील रॉबर्ट गान्स या रसायनशास्त्रज्ञाने १९०५ च्या सुमारास पाणी मृदू करण्याची रीत बसवली. पण या सौद्याला दुसरी बाजू आहे. ५०० ची कठिणता पूर्ण उतरवली तर लिटरमागे सुमारे २३० मिलीग्रॅम सोडियम पाण्यात येते. ते पाणी पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी नको; घरात रक्तदाबाचा रुग्ण असेल तर मुळीच नको. शिवाय मणी धुतलेले खारे पाणी शोषखड्ड्यात सोडले, तर ते जमिनीतून पुन्हा आपल्याच किंवा शेजाऱ्याच्या बोअरकडे जाते. हॉटेल, लॉन्ड्री, बॉयलर चालवणाऱ्यांना सॉफ्टनरवाचून गत्यंतर नाही. चार माणसांच्या घराला तो घेण्याआधी मी दहादा विचार करीन.

आम्ही काय केले ते सांगतो. गच्चीवर दुसरी लहान टाकी बसवली. नळाचे पाणी फक्त तिच्यात, आणि तिची नळी फक्त गिझरला व स्वयंपाकघराला. बोअरचे पाणी जुन्या टाकीत. संडास, धुणे, झाडे यांसाठी. नव्या गिझरच्या किमतीहून कमी पैशांत प्लंबरने दोन दिवसांत हे काम केले. पाणी जड असो वा हलके, त्याचे बरेवाईट मुख्यतः ते तापवायला लागल्यावर दिसते. मग सगळेच हलके करण्याचा अट्टहास कशाला? गिझरचा थर्मोस्टॅट ६० अंशांच्या वर नेत नाही, कारण जितके तापमान अधिक तितका थर लवकर धरतो. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, गिझर मिस्त्रीकडून उघडून धुऊन घेतो. आतली मॅग्नेशियमची कांडी झिजली असेल तर बदलतो. ती कांडी स्वतः झिजून टाकीला गंजापासून वाचवते. थर काढायला लिंबूसत्त्वाचे कोमट पाणी पुरते. काही लोक न्हाणीघर धुण्याचे ॲसिड गिझरमध्ये ओततात. त्याने थर जातो, आणि त्यामागोमाग टाकीही जाते. हे सारे करण्यापूर्वी विजेचे मुख्य बटण बंद करावे, हे सांगायला नको, तरी सांगतो.

गच्चीवरचे पाऊसपाणी बोअरजवळच्या खड्ड्यात मुरवण्याचे काम यंदा करणार आहे. आपल्याकडे वर्षाला १००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. १०० चौरस मीटरच्या गच्चीवर कागदोपत्री एक लाख लिटर हलके पाणी पडते आणि गटारातून निघून जाते. त्यातले निम्मे मुरले तरी पुष्कळ झाले.

राहता राहिला पुतण्या. गेल्या क्षमापनेला मी संदेश पाठवला नाही. सकाळी दुकान उघडायच्या वेळी जाऊन उभा राहिलो. कॉइलचे पैसे पाकिटात घातले होते आणि प्रयोगशाळेचा कागद खिशात होता. जे बोलायचे होते ते गिऱ्हाइकांसमोरच बोललो, कारण पहिले बोलणेही त्यांच्यासमोरच झाले होते. तो म्हणाला, “काका, तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं. मीसुद्धा कंपनीलाच शिव्या दिल्या होत्या.” पैसे घेईल की नाही याची मला धास्ती होती. त्याने ते मोजून घेतले आणि त्या दिवसाच्या तारखेची पावती फाडून दिली. प्रयोगशाळेचा कागद मात्र त्याने मागून घेतला आणि काउंटरच्या काचेखाली सरकवला.

आता गिझर मागणाऱ्याला तो किंमत सांगण्याआधी विचारतो, “पाणी नळाचं की बोअरचं?” या प्रश्नानेच एक-दोन गिऱ्हाइके दुसऱ्या दुकानात गेली, असे तो सांगतो. परवा त्यांतला एक परत आला होता. हातात पाण्याने भरलेली बाटली होती.